मालिकेतला कायमचा साइडकिक हिरो झाला तर पुस्तक फसतं का?

तुम्ही विचारलंय की पॅरानॉर्मल रोमँटिक सस्पेन्सच्या, म्हणजे भुतंखेतं, प्रेम आणि रहस्य एकत्र असलेल्या पुस्तकांच्या मालिकेत इतकी पुस्तकं हिरोच्या मागे उभा राहिलेला माणूस पुढच्या पुस्तकात स्वतःच हिरो झाला तर मजा जाते का, आणि मागचं काही न वाचता थेट तेच पुस्तक उचललं तर चालेल का. दुसऱ्याचं खाली सांगतो. पहिल्यावर मात्र मला बोलायचंच आहे, कारण मी नाटकात आयुष्यभर 'मित्र' केलाय.

सांगलीत आमचा हौशी ग्रुप आहे, नाव घेत नाही. दिवसा बँक, संध्याकाळी तालीम. आमच्या सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, एक रहस्यनाट्य लिहिलं होतं. जुना वाडा, माडीवर दिसणारी बाई, आणि तिचा छडा लावायला आलेला डॉक्टर. मी डॉक्टरचा कंपाउंडर, म्हणजे कंदील धरायचा, थरथरायचं आणि मधनंमधनं हशाचं वाक्य टाकायचं. ते नाटक चाललं, गणपतीत, यात्रेत प्रयोग झाले, म्हणून सरांनी दुसरा भाग लिहायला घेतला आणि नेमकी डॉक्टर करणाऱ्याची नागपूरला बदली झाली. मग ठरलं की डॉक्टर वारला असं दाखवायचं, वाड्यात परत जाणार कंपाउंडर, आणि ह्या खेपेला वाड्यात एक मुलगी पण आहे जिच्यावर त्याचा जीव जडतो. मी घरी पेढे घेऊन गेलो होतो.

पहिल्याच तालमीला डॉक्टरचा कोट माझ्या अंगावर चढवला. वाक्यं वाचली तर सगळी डॉक्टरचीच, फक्त नाव माझं. माझी बडबड गेली, भीती गेली, कंदील पण काढून घेतला आणि हातात बॅटरी दिली. मी म्हटलं सर, हा माणूस भुताला घाबरतो हे लोकांनी पहिल्या भागात बघितलंय, तो लटपटत माडी चढला तर बघणाऱ्याचा पण जीव टांगणीला लागेल, ताठ मानेनं चढला तर त्यात बघायचं काय? तर म्हणे, "घाबरणाऱ्यावर मुलगी कशी भाळंल?" सगळे हसले, विषय संपला.

प्रयोगाला मी एंट्री घेतली, डॉक्टरसारखा लांब पॉज घेतला आणि पहिल्या रांगेतून हशा. लोकांना वाटलं मी डॉक्टरची नक्कल करतोय! तो हशा पुढे आवरलाच नाही, प्रेमाच्या सीनला तर शिट्ट्या. आत आल्यावर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा चेहराच मित्राचा आहे, त्याला मी काय करू?"

पुढे एका गावच्या यात्रेतल्या प्रयोगाला सर नव्हते, कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. मी कोट खुंटीला ठेवला आणि कंदील घेऊन गेलो. जिन्यापाशी पहिल्या भागातलं एक वाक्य पुटपुटलो, हशा आला, पण जिथं यायला पाहिजे तिथं आला, आणि नंतर माडीवरचं दार उघडलं तेव्हा पुढं बसलेल्या बायांनी पोरांचे डोळे झाकले. सरांना कळल्यावर म्हणाले गावचं पब्लिक कशालाही टाळ्या देतं. हा वाद आजपण चहाच्या गाड्यावर चालू असतो.

आता पुस्तकाकडे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना झोप येईना म्हणून बायकोचा किंडल उघडला, त्यात नलिनी सिंगची 'गिल्ड हंटर' मालिका. (ही बाई जन्मानं फिजीची, वाढली न्यूझीलंडमध्ये.) पहिलं पुस्तक 'एंजल्स ब्लड' 2009 चं, त्यात न्यूयॉर्कवर राज्य करणारा आर्केंजल, म्हणजे देवदूतांचा सरदार, राफाएल हिरो, व्हॅम्पायरांची, म्हणजे रक्त पिणाऱ्यांची, शिकारी एलेना हिरोइन, आणि राफाएलचा उजवा हात दिमित्री, हजारेक वर्षं जुना व्हॅम्पायर. हा दिमित्री लई बेरकी. एलेनाला वासावरून व्हॅम्पायर ओळखता येतात, तर हा मुद्दाम आपल्या वासानं तिला छळतो, टोमणे मारतो, आपल्या साहेबाला ही बाई कमजोर करणार म्हणून तिच्यावर खार खाऊन असतो. तीन पुस्तकं असंच. आणि 2011 मध्ये चौथं आलं, 'आर्केंजल्स ब्लेड', हिरो दिमित्री!

मला वाटलं आता ह्याला धुऊन पुसून गुणी बाळ करणार. केलं नाही. तो तसाच क्रूर, तसाच कुजकट, आणि राफाएलचा नंबर दोन तो नंबर दोनच राहतो, खुर्ची बदलत नाही. फक्त कॅमेरा आत जातो आणि कळतं की ह्याचं बायको-पोरांचं घर कसं उद्ध्वस्त झालं, हा असा का झाला. समोर ऑनर नावाची शिकारी आहे जिला व्हॅम्पायरांनी कोंडून हाल हाल केलेत, तिला माणसाचा हात लागला तरी दचकायला होतं, तिच्यापुढे गुळगुळीत राजबिंडा हिरो काय कामाचा होता? शेवटाकडे पूर्वजन्माचा धागा येतो. बायकोला तो आवडला, मला वाटतं ती पळवाट आहे, दिमित्रीला नवीन माणसावर प्रेम करायची हिंमत दाखवू द्यायची होती.

सस्पेन्सची खरी अडचण वेगळीच आहे, ती कुणी बोलत नाही. रोमान्सचा शेवट गोड होणार हे ठरलेलं असतं, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाच्या व्याख्येतच आशादायी शेवट आहे. म्हणजे हिरो मरत नाही. साइडकिक मात्र कधीही मरू शकतो, त्याच्यासाठी आपण खरे घाबरलेलो असतो. त्याला हिरो केला की त्या क्षणी त्याचा विमा उतरला. मग लेखकानं 'हा वाचेल का' सोडून 'हा काय लपवतोय' किंवा 'ह्याला काय गमवावं लागेल' ह्यावर ताण उभा करायला पाहिजे. ज्याला हे कळत नाही तो नुसते खून वाढवतो.

ह्याच मालिकेतला इलियम घ्या, निळ्या पंखांचा देवदूत, सतत चेष्टा करणारा, सगळ्यांचा लाडका. त्याला स्वतःचं पुस्तक मिळालं ते चौदावं, 'आर्केंजल्स लाइट', 2021 मध्ये, आणि त्याची जोडी लहानपणापासूनच्या दोस्ताबरोबर, एडनबरोबर. मारामारी आहे, पण धाकधूक सगळी ह्याची की दोघांतला अबोला सुटतो का नाही. आणि चेष्टा काढून घेतलेली नाही! ती चेष्टा कुणासाठी चालायची हे कळतं, बस. जे. आर. वॉर्डच्या 'ब्लॅक डॅगर ब्रदरहुड' ह्या व्हॅम्पायरांच्याच मालिकेत तर जॉन मॅथ्यू मुका आहे, आठव्या पुस्तकात, 'लव्हर माइन'मध्ये (2010), तो एक शब्द न उच्चारता हिरो होतो. आणि आमच्याकडे म्हणे चेहरा मित्राचा.

म्हणून तुम्हाला सांगतो, हिरो झाल्यावर त्याचे विनोद, त्याची भीती, त्याच्या वाईट खोडी पहिल्या पन्नास पानांत दिसतायत का बघा. नसतील तर ठेवून द्या. नायिका कशी भाळेल ह्याची काळजी करू नका, ती भाळते. सर, वाचताय ना?

आता सगळ्या साइडकिकना हिरो करा असं पण मी म्हणत नाही. नारायण धारपांच्या भयकथांतल्या समर्थांबरोबरचे अप्पा, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या धनंजयचा छोटू, हे आहेत तिथंच बरे आहेत, त्यांना उगाच प्रेमात पाडू नका. आणि वरच्या पुस्तकांत हाणामारी आणि बेडरूमचे सीन दोन्ही सढळ आहेत, ऑनरवर झालेले अत्याचार तर वाचवत नाहीत, तेव्हा घरात पोरांच्या हाती किंडल देताना बघून. पूर्वजन्माचं मी वर फोडलंय, ज्यांना नको होतं त्यांनी विसरा.

थेट उचलायचं तर दिमित्रीचं चालेल, गोष्ट स्वतंत्र आहे, पण निदान 'एंजल्स ब्लड' आधी वाचा, नाहीतर तो किती त्रासदायक होता हे कळणारच नाही. इलियमचं थेट उचलू नका.