राइस स्विफ्ट की स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट: पंखांवरचे ठिपके कसे वाचावेत

आपण तीन छायाचित्रे दिली आहेत. पहिली दोन मुळशीकडच्या भातखाचराच्या बांधावर टिपलेल्या एकाच फुलपाखराची आहेत आणि तिसरे वेताळ टेकडीवर एकदांडीच्या फुलावर बसलेल्या दुसऱ्या फुलपाखराचे आहे. दोन्ही तपकिरी, दोन्हींच्या पंखांवर पांढरे ठिपके, मग ही राइस स्विफ्ट आहेत की स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते मुळशीचे फुलपाखरू राइस स्विफ्ट, म्हणजे बोर्बो सिन्नारा आहे, आणि टेकडीवरचे पेलोपिडास प्रजातीतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, ‘जीनस’) मादी आहे. तिचे नाव मात्र मी प्रजातीच्या पुढे, म्हणजे नेमक्या जातीपर्यंत, नेणार नाही. त्यामागची कारणे सविस्तर देतो, कारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात पुण्याच्या आसपास हाच गोंधळ सर्वांत जास्त होतो.

सुरुवात मागच्या पंखाच्या खालच्या बाजूपासून करावी. फुलपाखरू पंख मिटून बसले की हीच बाजू आपल्याला दिसते. पंखाच्या मुळापासून मध्यापर्यंत शिरांनी वेढलेली जी लांबट जागा असते, तिला कोष्ठ म्हणतात. पेलोपिडासमध्ये या कोष्ठात सहसा एक बारीक पांढरा ठिपका असतो आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला लहान ठिपक्यांची कमान असते. राइस स्विफ्टमध्ये बाहेरचे ठिपके असतात, पण कोष्ठ रिकामा असतो. आपले पहिले छायाचित्र मोठे करून पाहिल्यास कोष्ठात काहीही नाही, हे स्पष्ट दिसते. बाहेरचे ठिपके मोजत बसू नये. त्यांची संख्या एकाच जातीत कमी-जास्त होते, आणि जुन्या फुलपाखराचे खवले झडले की काही ठिपके पुसटही होतात.

दुसऱ्या छायाचित्रात मुळशीच्या फुलपाखराने स्किपरांची (या सगळ्या फुलपाखरांच्या कुळाची) खास बैठक घेतली आहे: मागचे पंख आडवे पसरलेले आणि पुढचे अर्धवट उभे. ऊन खाताना ही फुलपाखरे असे बसतात आणि तेवढ्याच वेळात पुढच्या पंखाची वरची बाजू नीट पाहता येते. तेथे मागच्या कडेजवळच्या शिरेला टेकून एक पिवळसर ठिपका आहे. पंखावरचे इतर ठिपके अर्धपारदर्शक आहेत. उजेड मागून आला की ते काचेसारखे उजळतात. हा ठिपका मात्र उजळत नाही, कारण तो पिवळ्या खवल्यांचाच बनलेला असतो. राइस स्विफ्टची ही फार चांगली खूण आहे. (या जातीचे वर्णन १८६६ मध्ये प्रसिद्ध निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी केले, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.)

तरीही एवढ्या एका ठिपक्यावर निर्णय देऊ नये. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टच्या, म्हणजे पेलोपिडास मथियासच्या, नराला पुढच्या पंखावर त्याच भागात राखाडी-पांढरी तिरपी रेघ असते, बारीक नखाने ओरखडा काढल्यासारखी. ही गंधखवल्यांची रेघ आहे आणि नावातले ‘ब्रँडेड’ तिच्यावरूनच आले आहे. मादीला ती नसते. तिच्या पंखावर त्या जागी ठिपके असतात. त्यामुळे ‘रेघ नाही, ठिपका आहे, म्हणून राइस स्विफ्ट’ असे जे सर्रास लिहिले जाते, ते पेलोपिडासच्या मादीच्या बाबतीत हमखास चुकते. अशा वेळी पुन्हा मागच्या पंखाच्या कोष्ठाकडे वळावे लागते. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात नेमका तो कोष्ठातला ठिपका दिसतो, बाहेरची कमानही दिसते, आणि पुढच्या पंखाच्या दिसणाऱ्या भागावर रेघ नाही.

मग तिला सरळ मथियास का म्हणू नये? कारण पेलोपिडासच्या जवळच्या जाती ओळखण्याची विश्वासार्ह खूण नराच्या त्या रेघेतच आहे. पुढच्या पंखाच्या कोष्ठात दोन ठिपके असतात. त्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा मागच्या कडेकडे वाढवली, तर मथियासमध्ये ती गंधरेघेला छेदते आणि पेलोपिडास आग्नामध्ये छेदत नाही. रेघच नसलेल्या मादीला ही कसोटी लावता येत नाही, आणि छायाचित्रावरून केवळ आकार किंवा फिकेपणा पाहून जात ठरवणे मला पटत नाही. नोंदीत ‘पेलोपिडास, मादी’ एवढे लिहिले तरी ती नोंद पूर्णपणे उपयोगाची ठरते. चुकीच्या जातीचे नाव लावले तर ती पुढच्या प्रत्येकाची दिशाभूल करते.

रंगावर भिस्त ठेवू नये, हेही आवर्जून सांगतो. राइस स्विफ्टच्या मागच्या पंखाची खालची बाजू ताज्या अवस्थेत हिरवट-पिवळसर असते, पण काही दिवसांत ती तपकिरी पडते, आणि फ्लॅश वापरला तर ताज्या फुलपाखराचाही रंग बिघडतो. खाद्यवनस्पतीही येथे मदतीला येत नाही, कारण दोघांच्याही अळ्या भात आणि गवत खातात. भातखाचरात सापडले म्हणून ते राइस स्विफ्टच, असे होत नाही.

आणखी एक प्रजाती याच गर्दीत मिसळते, ती पार्नारा. तिच्याही मागच्या पंखाचा कोष्ठ रिकामा असतो, म्हणून ती राइस स्विफ्ट समजली जाते. तिच्या मिशा आखूड असतात, पुढच्या पंखाच्या वरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी. आपल्या पहिल्या छायाचित्रात मिशी पूर्ण दिसते आणि ती पुरेशी लांब आहे, त्यामुळे ही शंकाही उरत नाही. ताम्हिणीकडे बांबूच्या बेटांजवळ मागच्या पंखाच्या खालच्या बाजूस एकही ठिपका नसलेले गडद स्किपर दिसले, तर बाओरिस आणि कॅल्टोरिस यांचा विचार करावा. बाओरिसच्या नराला मागच्या पंखाच्या वरच्या बाजूस केसांचा झुबका असतो.

टेकडीवरचे फुलपाखरू आपण बाजूने आणि मागून, असे आणखी कोनांतूनही टिपले असेल, तर तीही छायाचित्रे द्यावीत. पुढच्या पंखाची मागची कडा स्पष्ट दिसली, तर निदान ती मादीच आहे, हे पक्के करता येईल.