एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स: निम्म्याहून जास्त काम विंडोजमध्येच आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात एकच लॅपटॉप, त्यावर विंडोज ११ आणि ५१२ जीबीचा एसएसडी. घरातल्या बाकीच्यांची कामं विंडोजवरच चालतात, ती अडता कामा नयेत. तुम्हाला मात्र शेजारी लिनक्स हवं आहे. त्यात एकाने सांगितलं की विंडोजचं अपडेट आलं की लिनक्स उडतं, आणि दुसऱ्याने सांगितलं की सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना मान्य सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) बंद केल्याशिवाय लिनक्स चालतच नाही. दोन्ही गोष्टी एके काळी बऱ्याच अंशी खऱ्या होत्या. त्यांच्याकडे येतोच.

आधी एक सांगतो. लिनक्स इन्स्टॉल करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. डोकेदुखी होते ती विंडोजने डिस्कवर आणि फर्मवेअरमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्याच प्रोग्रॅममध्ये) आधीपासून मांडून ठेवलेल्या गोष्टींमुळे. त्या आवरल्या नाहीत की मग ‘लिनक्स टाकलं आणि विंडोज गेलं’ अशी ओरड सुरू होते. म्हणून पेनड्राइव्हला हात लावण्याआधी तासभर विंडोजमध्ये घालवा. आणि त्याच्याही आधी बॅकअप. घरातल्यांचे फोटो, कागदपत्रं, जे काही परत मिळणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइल उघडून बघा. बॅकअप नसेल तर पुढचं वाचू नका.

पहिली गोष्ट एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं कुलूप. बऱ्याच जणांना आपली डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे हे माहीतच नसतं, कारण त्यांनी स्वतः ते कधी चालू केलेलं नसतं. मायक्रोसॉफ्ट खातं वापरून विंडोज सुरू केलं की अनेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्या इन्स्टॉलमध्ये हे सर्रास होतं, होम आवृत्ती असली तरी. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर कुलपाची किल्ली टीपीएम चिपकडे असते, आणि मशीन सुरू होताना सगळं नेहमीसारखं आहे अशी खात्री पटल्यावरच चिप ती किल्ली सोडते. सिक्युअर बूट चालू-बंद केलं, बूटची वाट बदलली, फर्मवेअरमध्ये काही हलवलं की चिपला संशय येतो. मग विंडोजऐवजी एक निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते खरी, पण कोणाच्या खात्यात? लॅपटॉप पहिल्यांदा ज्याने सुरू केला त्याच्या. ते खातं भावाचं असू शकतं, वडिलांचं असू शकतं, आणि त्याचा पासवर्ड कोणाच्याच लक्षात नाही हेही असू शकतं. म्हणून आजच त्या खात्यात शिरा, की शोधा, पडद्यावरचा की आयडी जुळवून बघता येईल अशा बेताने तोही लिहून घ्या, आणि हे सगळं कागदावर. त्याच डिस्कवर फाइल करून ठेवण्यात काही अर्थ नाही.

की हातात आल्यावर एन्क्रिप्शन ठेवायचं की काढायचं हा तुमचा निर्णय. लॅपटॉप घराबाहेर फिरत असेल तर मी ठेवीन. घरातच बसून असेल तर बंद करून डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या. पुढची बरीच कटकट वाचते, कारण काही लिनक्स इन्स्टॉलर बिटलॉकर (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) दिसलं की हात वर करतात.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून हे आलं आहे. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा हायबरनेट करून डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी पटकन उठता येईल. विंडोज एकटं असताना याचा त्रास नाही. पण लिनक्सच्या दृष्टीने ती डिस्क म्हणजे अर्धवट झोपेतल्या माणसाचं अंथरूण. त्याच्या अंगाखालची चादर ओढायची नाही. शहाणं लिनक्स अशी एनटीएफएस (विंडोजची फाइल मांडायची पद्धत) डिस्क एक तर नुसती वाचायला देतं किंवा उघडायलाच नकार देतं. लोक मग इंटरनेटवर शोधून जबरदस्तीने उघडायची आज्ञा चालवतात, फाइल लिहितात, आणि विंडोज उठलं की त्याच्या आठवणीतली डिस्क आणि खरी डिस्क यांचा मेळ बसत नाही. फाइल जातात त्या इथे. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करायचं त्या पानावर फास्ट स्टार्टअपची खूण असते, ती काढा. खूण फिकी दिसत असेल तर वरच्या ‘चेंज सेटिंग्ज’ दुव्यावर आधी क्लिक करावं लागतं. मोठ्या विंडोज अपडेटनंतर ही खूण परत आली नाही ना, हे एकदा पाहत जा. हायबरनेटलाही हेच लागू: एक प्रणाली हायबरनेट करून दुसरीत शिरायचं नाही.

तिसरी गोष्ट जागा. सी ड्राइव्ह लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, लिनक्सच्या साधनाने नाही. ‘श्रिंक व्हॉल्यूम’ केल्यावर कधी कधी २०० जीबी रिकामे असूनही ते फक्त दहा-पंधरा जीबी द्यायला तयार होतं. यात बिघाड काही नाही. हलवता न येणारी एखादी फाइल मध्येच ठाण मांडून बसलेली असते, बहुधा हायबरनेशनची, पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरतं ती) किंवा सिस्टिम रिस्टोअरची. त्या तिन्ही तात्पुरत्या बंद करा, मशीन रिस्टार्ट करा, जागा कापा, आणि मग पेजफाइल व रिस्टोअर परत चालू करा. किती कापायची? उबंटू (लिनक्सचा एक प्रचलित प्रकार) किमान २५ जीबी मागतं, पण तेवढ्यात वर्षभरात गुदमराल. तुमच्या ५१२ मधून ८० ते १०० जीबी द्या. कापलेली जागा रिकामीच राहू द्या. तिथे विंडोजमधून नवा ड्राइव्ह बनवायचा नाही.

आता ती दोन अर्धसत्यं.

विंडोज अपडेटने लिनक्स उडायचं ते जुन्या बायोस-एमबीआरच्या (फर्मवेअर आणि डिस्क मांडणीच्या जुन्या पद्धतीच्या) काळात. बूटलोडरची (प्रणाली उठवणाऱ्या प्रोग्रॅमची) सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बसायची, जागा एकाचीच, आणि विंडोज परत टाकलं की ते न विचारता तिथे स्वतः बसायचं. यूईएफआय या नव्या फर्मवेअरमध्ये डिस्कवर एक छोटं फॅट३२ पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) असतं, ईएसपी म्हणतात त्याला, आणि त्यात प्रत्येक प्रणालीचं आपापलं फोल्डर असतं. विंडोज आपल्या फोल्डरात, लिनक्स आपल्या. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर फार तर बूटचा क्रम बदलतो आणि मशीन थेट विंडोजमध्ये जातं. लिनक्स तिथेच असतं. फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम परत लावला की झालं. अपवाद एक सांगायला हवा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटमधल्या जुन्या बूटलोडरना नाकारणारी नोंद काही ड्युअल बूट (दोन प्रणाली असलेल्या) मशीनवरही लावली. वास्तविक ती तिथे लागायला नको होती. त्या लोकांना लिनक्स निवडल्यावर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ एवढंच दिसलं. डेटा कोणाचा गेला नाही, पण धावपळ बरीच झाली. यावरून घ्यायचं ते एवढंच की वर्षानुवर्षं जुनी आयएसओ (लिनक्स इन्स्टॉल करायची फाइल) वापरू नका, ताजी उतरवा, आणि लिनक्सची अपडेट तुंबवू नका.

सिक्युअर बूट बंद करायची गरज तुम्हाला बहुधा पडणार नाही. उबंटू, मिंट, फेडोरा, ओपनसूसे आणि २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून डेबियन, ही सगळी सिक्युअर बूट चालू असताना सुरू होतात. मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आधी चालतो आणि तो पुढे ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरला हाक मारतो. अडचण येते ती एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसारख्या बाहेरून येणाऱ्या मॉड्यूलची (लिनक्सच्या गाभ्याला जोडल्या जाणाऱ्या तुकड्यांची). त्यासाठी इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि पुढच्या रिस्टार्टला एक निळा पडदा ‘एनरोल मॉक’, म्हणजे त्या मॉड्यूलच्या सहीची किल्ली मान्य करायची का, असं विचारतो. तो काही सेकंदच थांबतो. लोक चहाला उठतात, पडदा निघून जातो, आणि मग ‘ग्राफिक्स कार्ड चालत नाही’ म्हणून रात्र घालवतात. तेव्हा पहिल्या रिस्टार्टला मशीनसमोरच बसा. शिवाय विंडोजवरचे काही ऑनलाइन गेम आता सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरू होत नाहीत, त्यामुळे घरात गेम खेळणारं कोणी असेल तर ते बंद केल्याची तक्रार दुसऱ्याच दिवशी येईल.

पेनड्राइव्ह रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने बनवा आणि आयएसओचा चेकसम (फाइल नीट उतरली का ते ओळखायचा आकडा) जुळवून बघा. मग लगेच इन्स्टॉल करू नका, लाइव्ह सत्रातच (थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये) थोडा वेळ वावरा. वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट उठतं का, सगळं बघा. इथे वायफाय चाललं नाही तर इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालेल अशी आशा ठेवू नका. ड्रायव्हर कुठला लागतो ते आत्ताच शोधा.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नसेल तर घाबरू नका. बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये फर्मवेअरमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धती) चालू असतं, ते एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर न्यावं लागतं. पण नुसतं बदललं तर विंडोज बूट होणार नाही. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग फर्मवेअर बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्यायचं, आणि नंतर सेफ मोडची खूण काढायची. एन्क्रिप्शन चालू असेल तर इथे ती ४८ आकडी की लागणार हे धरूनच चाला.

पार्टिशनच्या पडद्यावर मात्र सावकाश. ‘विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा’ हा पर्याय वाईट नाही, पण मी स्वतः नेहमी हाताने निवडतो. इथे सी आणि डी अशी नावं दिसणार नाहीत, आकारावरून ओळखायचं: साधारण १०० एमबीचं फॅट३२ म्हणजे ईएसपी, १६ एमबीचा तुकडा मायक्रोसॉफ्टचा राखीव, मोठं एनटीएफएस म्हणजे तुमचा सी, मग तुम्ही कापलेली रिकामी जागा, आणि शेवटी काही शे एमबीचं रिकव्हरी. रिकाम्या जागेत एक्स्ट४ (लिनक्सची फाइल मांडायची पद्धत) बनवून ते रूट, म्हणजे लिनक्सचं मुख्य पार्टिशन, म्हणून द्या, बस. स्वॅपसाठी (मेमरी अपुरी पडली की लागणाऱ्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन आता लागत नाही, उबंटू फाइल वापरतं. ईएसपी निवडून ते ईएफआय म्हणून वापरायचं, आणि त्याच्यापुढची फॉरमॅटची चौकट रिकामी आहे याची खात्री करायची. अख्ख्या पडद्यावर घात करणारी चौकट हीच. तिच्यावर खूण राहिली तर विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. सी शाबूत राहतो, पण त्याला उठवणारं कोणी उरत नाही.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामी खाच असेल तर हे सगळं सोडा आणि लिनक्स वेगळ्या डिस्कवर टाका. दोघांचं ईएसपी वेगळं, कोणाचा पाय कोणाच्या पायात नाही. फक्त इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवा किंवा फर्मवेअरमधून बंद करा, कारण काही इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडूनही बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएसपीत नेऊन ठेवतात. आणि तुम्हाला फक्त टर्मिनल, पायथन, गिट शिकायचं असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच चालणारं लिनक्स) पुरे, यातलं काहीच करायला नको. लिनक्स डेस्कटॉप म्हणून रोज वापरायचं असेल तरच ड्युअल बूटचा खटाटोप.

नंतरच्या बारीकसारीक गोष्टी. ग्रबच्या यादीत विंडोज दिसलं नाही तर ते गेलेलं नसतं. ग्रबने २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवला आहे, तो ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये चालू करून यादी नव्याने बनवावी लागते. विंडोजमधलं घड्याळ काही तासांनी चुकलेलं दिसेल. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं समजतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ). दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत सांगायची. सोपं म्हणजे लिनक्समध्ये टाइमडेट-सीटीएल या आज्ञेने स्थानिक वेळ लावणं. ब्लूटूथ हेडफोन एका बाजूला जोडले की दुसरीकडचे तुटतात, कारण हेडफोनला दोन्ही वेळेस तोच अॅडाप्टर दिसतो पण जोडणीची किल्ली वेगळी. किल्ली इकडून तिकडे नेता येते, पण मी त्या भानगडीत पडत नाही, हेडफोन परत जोडतो. दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलसाठी सी ड्राइव्हमध्ये लिनक्समधून लिहिण्यापेक्षा वेगळं छोटं एक्सफॅट किंवा एनटीएफएस पार्टिशन ठेवा. विंडोज एक्स्ट४ आपणहून वाचत नाही.

घरातल्यांसाठी एकच सोय करा: ग्रबमध्ये विंडोज मूळ निवड म्हणून ठेवा आणि थांबायची वेळ पाच सेकंद. त्यांना फरकही कळणार नाही.

आणि उद्या लिनक्स काढायचं ठरलं तर उलट क्रमाने जा. आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला लावा आणि विंडोज नीट सुरू होतं ते बघा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन उडवा, ईएसपीला हात न लावता. ती जागा सीच्या लगेच उजवीकडे असल्यामुळे ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ने परत जोडता येते. दोघांच्या फाइलसाठी मध्ये वेगळं पार्टिशन केलं असेल तर आधी ते हलवावं लागेल, म्हणून ते करताना रिकाम्या जागेच्या अगदी शेवटी करा. ईएसपीत लिनक्सचं फोल्डर उरतं, ते काही एमबीचं असतं आणि कोणाला त्रास देत नाही.