वटवाघळे खरोखरच आंधळी असतात का?

नाही, वटवाघळाची एकही जात आंधळी नाही. मुंबईत संध्याकाळी वडा-पिंपळांवर घिरट्या घालणारी मोठी फळखाऊ वटवाघळे मुख्यतः टपोऱ्या डोळ्यांच्या आणि तीक्ष्ण घ्राणेंद्रियाच्या बळावरच पिकलेले फळ हेरतात. आमच्या सोसायटीतील बदामाखाली रोज सकाळी गर कुरतडलेली, दातांच्या बारीक खुणा असलेली फळे पडलेली असतात. हिरवी मात्र झाडावरच राहतात.

किडे खाणाऱ्या छोट्या पाकोळ्यांची, म्हणजे लहान वटवाघळांची, तऱ्हा वेगळी. त्यांना दिसते, परंतु अंधारात त्यांची मुख्य भिस्त कानांवर असते: त्या तोंडाने किंवा नाकाने, बहुधा २०,००० हर्ट्झहून उच्च, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडचे आवाज (अतिध्वनी) काढतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून किडा किती अंतरावर आहे व कोणत्या दिशेला उडतो आहे हे ताडतात, झडप घालण्याच्या क्षणी हे आवाज सेकंदाला दोनशेच्या घरात जातात. इटलीचे शास्त्रज्ञ स्पालान्झानी यांना १७९३ मध्ये दृष्टी गेलेली वटवाघळेही अडथळे चुकवताना आढळली होती, पण त्यामागील अतिध्वनी १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांच्या प्रयोगांतून उघड झाला. कान्हेरीसारख्या लेण्यांत राहणारी काही फळखाऊ वटवाघळे तर जिभेने टकटक करून काळोखात वाट काढतात, म्हणजे वरची विभागणीही काटेकोर नव्हे.