मिनार, मनोरा आणि तो ‘मिनारेट’

प्रश्न असा आला आहे: कैरोवर लेख लिहितोय. ‘हजार मिनारांचं शहर’ म्हणू की ‘हजार मनोऱ्यांचं’? आणि मिनार उभा की उभी?

‘मिनारेट’ लिहिलं नाहीत, यातच निम्मे गुण मिळाले तुम्हाला. परवा एका सहल कंपनीच्या पत्रकात ‘कैरोतील देखणे मिनारेट्स’ वाचलं आणि हातातला चहा कडू झाला. अरबी ‘मनारा’ तुर्कांकडे ‘मिनारे’ झाला, फ्रेंचांनी त्याला शेपूट लावलं, इंग्रजांनी ते उचललं आणि आता आपण मिरवतोय. घरात मनोरा असताना!

उंच बांधकाम, गोविंदांचे थर, मुंबईतलं आमदार निवास हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडू. मनाराच्या मुळाशी उंची नाहीच. अरबीत नूर म्हणजे प्रकाश, नार म्हणजे आग, आणि त्याच शब्दमुळाचा मनारा म्हणजे दिवा लावायची जागा. एखाद्याच्या चेहऱ्याचा नूर पालटतो, तो हाच नूर. इस्लामपूर्व काळातल्या एका नावाजलेल्या अरबी कवितेत प्रेयसीचा चेहरा अंधारात उजळतो तो संन्याशाने सांजवेळी लावलेल्या मनारासारखा. तिथे मशीद नाही, बांग नाही, नुसता दिवा. ज्यूंची सात दिव्यांची समई ‘मेनोरा’ याच कुळातली. आपल्या देवळापुढची दीपमाळ असते ना, अर्थाने बघाल तर तीच अस्सल मनारा.

आता माझं लाडकं प्रकरण. अलेक्झांड्रियाचा जगप्रसिद्ध दीपस्तंभ अरबांच्या बोलण्यात ‘मनारा’च होता. खाली चौकोन, मध्ये अष्टकोन, वर गोल. 1303च्या भूकंपाने तो खिळखिळा केला. आणि कैरोत, इब्न तुलून मशिदीपासून चार पावलांवर, सलार आणि संजर या दोन अमीरांची वास्तू आहे, 1303-04 सालची. तिचा मनोरा खालून वर बघत जा: चौकोन, अष्टकोन, गोल, आणि डोक्यावर घड्या पाडलेलं शिरस्त्राण. तिकडे एक मनारा ढासळतोय आणि इकडे त्याच अंगकाठीचा दुसरा उभा राहतोय! इस्लामी वास्तुकलेचा इंग्रज अभ्यासक क्रेसवेल याने 1926 साली हा धागा तोडून टाकला. म्हणे मनोऱ्याचे टप्पे इजिप्तमध्ये हळूहळू घडत गेले. साहेबांनी कैरोतली वीट न वीट मोजली, कबूल. पण शब्दाला टेप लावता येत नाही. दीपस्तंभाचं नाव मशिदीच्या बुरुजाला उगीच चिकटतं का? जुन्या कैरोत रमजानच्या रात्री मनोऱ्यांवर दिवे लावत, हे तरी ध्यानात घ्या.

माझ्या विरुद्ध जाणारा पुरावाही सांगतो, नाहीतर कोणीतरी तो माझ्या तोंडावर फेकेल. खुद्द कैरोकर रोजच्या बोलण्यात मनारा म्हणतच नाहीत, ‘मदना’ म्हणतात. (आपल्या मदनाशी याचा काडीचाही संबंध नाही, कृपया सिद्धांत मांडू नका.) ते अजान आणि मुअज्जिन, म्हणजे बांग देणारा, यांचं भावंड, आणि त्या सगळ्यांचं मूळ ‘उझ्न’, म्हणजे कान. जुन्या कैरोतल्या अम्र इब्न अल-आसच्या मशिदीला 673 साली चार कोपऱ्यांवर बुरूज चढवले, त्यांना तर ‘सौमआ’ म्हटलंय, म्हणजे साधूची खोली. मोरोक्कोत अजून तोच शब्द चालतो.

राहिले ‘मनोहर’वरून ‘मनोरा’ आला म्हणणारे. एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी हे व्यासपीठावरून ठणकावून सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनाराचा मनोरा होताना मराठी कानात मनोहर, मनोरथ घुमत असावेत, इतपत मी मानतो. त्यापुढे एक पाऊल नाही. मधला ‘ह’ काय कैरोला सहलीला गेला?

हां, तुमचा प्रश्न. ‘हजार मनोऱ्यांचं’ लिहा. मिनार लिहिलात तरी तो उभा. त्याला उभी करते ती हिंदी.