वाचन सुटलं, म्हणजे नेमकं काय सुटलं?

"पूर्वी पुस्तक संपल्याशिवाय खाली ठेवत नसे, आता दोन पानंसुद्धा होत नाहीत." मी समुपदेशक आहे, आणि ही तक्रार माझ्याकडे सहसा दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाच्या पाठोपाठ येते. नोकरीतला ताण, मुलांचं वागणं, घरातली कुरबूर हे सगळं बोलून झालं की उठता उठता लोक हे सांगतात, आणि सांगताना ओशाळतात. डोंबिवलीच्या एक बाई मात्र फक्त एवढ्याच कारणासाठी आल्या होत्या. वय सत्तेचाळीस, विमा कंपनीत नोकरी, घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

निदानही त्या सोबत घेऊनच आल्या होत्या. "मॅडम, मला एडीएचडी असणार. रीलमध्ये सांगतात ती सगळी लक्षणं माझ्यात आहेत."

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं कठीण जाण्याचा विकार. त्याचं निदान करताना लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे पाहावंच लागतं. शाळेच्या सुट्टीत वाचनालयवाल्यांना रोज नवं पुस्तक मागून भंडावून सोडणारी मुलगी, पुढे चाळिशीपर्यंत जाडजूड कादंबऱ्या संपवणारी बाई आणि आता अचानक चंचल झालेलं लक्ष, या चित्रात ते नाव लगेच बसत नाही. रीलवाल्यांना एवढं सांगायला वेळ नसतो.

मी आधी साध्याच गोष्टी विचारल्या. झोप कशी आहे? पाळीचं चक्र बदललंय का, रात्री घाम येऊन जाग येते का? थायरॉइड कधी तपासलंय? गाणं, मैत्रिणी, स्वयंपाकातलं एखादं आवडतं काम यात मन रमतं का? ही शेवटची चौकशी महत्त्वाची. वाचनाबरोबर बाकी सगळ्यातलाच रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला असेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर तो वाचनाचा प्रश्न राहत नाही, ते नैराश्य असू शकतं. तिथे मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. जवळ कुणी नसेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक आहे. आणि कालपर्यंत नीट वाचणाऱ्या माणसाला आज एकाएकी अक्षरंच लागेनाशी झाली, तर समुपदेशकाकडे न येता थेट रुग्णालय गाठावं, कारण ते पक्षाघाताचं लक्षण असू शकतं.

या बाईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं. डोळ्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सापडली. त्यांनी प्रोग्रेसिव्ह चष्मा केला होता आणि वाचायचा प्रयत्न चालायचा तो रात्री, पलंगावर आडवं पडून. या चष्म्यात जवळचं दिसण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो. आडवं पडून पुस्तक चेहऱ्यासमोर धरलं की नजर नेमकी लांबचं दिसण्याच्या भागातून जाते. मग हनुवटी वर करायची, मान अवघडायची, ओळी पुसट व्हायच्या, आणि माणसाला वाटतं, आपल्यालाच कंटाळा आला. नेत्रतज्ज्ञांना विचारून फक्त वाचण्यासाठी वेगळा चष्मा करून घ्या, असं मी सुचवलं. समुपदेशक चष्म्याबद्दल बोलतोय याचं त्यांना हसू आलं. पण चाळिशी उलटलेली कितीतरी माणसं डोळ्यांची अडचण स्वभावावर ढकलत असतात.

चष्म्याने काम थोडं सोपं झालं, सुटलं नाही. मग मी विचारलं, "तुम्ही वाचायचात कुठे?"

"कुठेही. मला जागा लागायचीच नाही."

हे उत्तर मी पुष्कळ ऐकते. म्हणून त्यांना म्हटलं, अगदी मनापासून आवडलेली, शेवटपर्यंत वाचलेली पुस्तकं आठवा आणि त्या वेळी तुम्ही कुठे बसला होतात ते सांगा. पहिलं पुस्तक: डोंबिवलीहून सुटणारी सकाळची फास्ट लोकल, महिलांचा डबा, खिडकी. दुसरं: तीच गाडी. तिसऱ्यातला नायक मरतो तेव्हा गाडी पारसिकच्या बोगद्यात होती आणि शेजारची बाई मेथी निवडत होती, इतकं स्पष्ट त्यांना आठवत होतं. बोलता बोलता त्या स्वतःच थांबल्या. गेल्या वीसेक वर्षांत घरात बसून पूर्ण वाचलेलं एकही पुस्तक त्यांना सांगता येईना.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ती गाडी सुटली ती कायमचीच. पुढे त्यांचं फोर्टातलं ऑफिस ऐरोलीला हललं. आता आठवड्यातून दोन दिवस कंपनीच्या बसने जायचं आणि बाकीचे दिवस घरून काम. बसमध्ये वाचलं की त्यांना मळमळतं. ते अनेकांना होतं. डोळे पानावर स्थिर असतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, वळतोय. रुळांवरून धावणाऱ्या गाडीत हा त्रास त्यांना कधी झाला नव्हता.

म्हणजे मोबाइलने मेंदू बिघडवला या निष्कर्षावर जायच्या आधी एवढं दिसत होतं, की त्यांचं वाचन एका डब्यात राहत होतं आणि तो डबा गेला. त्या डब्यात काय होतं, याची आम्ही कागदावर मांडणी केली. तासाभराहून थोडा जास्त वेळ दुसरं काहीच करता येत नव्हतं. "कुठे उतरणार?" यापलीकडे कुणी काही विचारत नव्हतं. शेवट ठरलेला होता. गाडी सीएसएमटीला लागली की पुस्तक आपोआप बंद. आणि सर्वांत मोठी गोष्ट, तिथे वाचत बसलेली बाई कुणाला रिकामी वाटत नव्हती. ती ऑफिसला चालली होती.

हे शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या घरांत आरामखुर्चीत पेपर घेऊन तासभर बसलेल्या पुरुषाला कुणी हाक मारत नाही. पुस्तक घेऊन बसलेली बाई मात्र मोकळी असते, तिला कोथिंबीर कुठे ठेवलीय हे विचारता येतं. त्यात घरातली प्रत्येक जागा कशाला तरी बांधलेली: जेवणाच्या टेबलावर ऑफिसचा लॅपटॉप, सोफ्यासमोर सासूबाईंची मालिका, पलंगावर मोबाइल. निद्रानाशावर काम करणाऱ्या रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये एक पद्धत मांडली होती, ती आजही वापरली जाते: अंथरूण झोपेसाठीच ठेवा, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे जा, म्हणजे अंथरुणाशी झोपेचीच गाठ बसेल. तोच विचार वाचनाला लावता येतो. जिथे रोज स्क्रोलिंग होतं त्या उशीवर टेकून कादंबरी वाचायची, तर हात आपसूक मोबाइलकडे जाणारच.

वाचनाच्या जागांबद्दल लोक फार लाजत लाजत बोलतात. एक निवृत्त शिक्षक फक्त शौचालयात वाचतात, आणि ते सांगायला त्यांना तीन भेटी लागल्या. एकीला समोर पुस्तक नसेल तर जेवण जात नाही. पुण्यातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा चालू घडामोडींच्या मासिकाखाली रहस्यकथा ठेवायचा आणि ती तिथेच उत्तम वाचून व्हायची, खोलीवर नाही. यातली एकही जागा चुकीची नाही. (शौचालयात फार वेळ बसू नये हे डॉक्टर सांगतील, ते ऐकावं.) महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलारला २०१७पासून 'पुस्तकांचं गाव' आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. तिथून परत आलेले लोक हमखास म्हणतात, तिथे दोन दिवसांत इतकं वाचलं, इथे का होत नाही? तिथे कुकर तुमचा नसतो, म्हणून.

बाईंचा पहिला उपाय होता गॅलरीत वाचनकोपरा करायचा: दिवा, गादी, दोन कुंड्या. मला शंका होती, पण करून पाहायला हरकत नव्हती. कोपरा देखणा झाला. मुलगी तिथे बसून मैत्रिणींशी बोलू लागली.

मग त्या म्हणाल्या, "मॅडम, घरातून बाहेर पडल्याशिवाय मला कुणी सोडणार नाही." तिथून गोष्ट पुढे सरकली. त्यांच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीमागे एक बाक आहे. लॅपटॉप मिटला की घरात काहीही न आवरता थेट खाली जायचं, अर्धा तास. सासूबाईंचं वय पाहता मोबाइल घरी ठेवणं त्यांना पटेना. मग रिंग चालू, नेट बंद, असं ठरलं. घरच्यांना आदल्या दिवशीच वेळ सांगून ठेवायची, परवानगी मागायच्या सुरात नाही, रेल्वेच्या वेळापत्रकाच्या सुरात. पहिल्याच आठवड्यात शेजारणीने विचारलं, "काय गं, घरात भांडण झालं का?" यजमानांनी फोन करून कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते विचारलं. त्यांनी "चार" म्हणून फोन ठेवला आणि सुटलेली ओळ पुन्हा सापडली, याचा त्यांना कोण आनंद!

शनिवारची कल्पना पूर्णपणे त्यांची. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासूनचं, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. दुपारी गर्दी नसताना स्लो लोकलने जायचं, पुस्तक बदलायचं, परत यायचं. डोंबिवली ते ठाणे वीस-पंचवीस मिनिटं. पुस्तक परत करायची तारीख हा आणखी एक फायदा. विकत घेतलेलं पुस्तक वर्षानुवर्षं थांबतं, वाचनालयाचं थांबत नाही.

"२१ दिवसांत सवय लागते ना?" असं त्यांनी विचारलं होतं. या आकड्याने बऱ्याच लोकांना नाउमेद केलंय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं गणित निघालं. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाईंचे तर पावसाळ्यात कितीतरी दिवस चुकले, टाकीमागे चिखल होतो.

काही महिन्यांनी त्या खट्टू होऊन आल्या. "वाचतेय, पण पूर्वीसारखं नाही." मी हिशोब मांडायला सांगितला. लोकलमध्ये जाऊन-येऊन आठवड्याला दहा-अकरा तास मिळत होते. आता बाक आणि शनिवार मिळून जेमतेम तीन. पुस्तकंही तिसऱ्या हिश्शाने होणार, त्यात मेंदूचा काय दोष? मैत्रिणींच्या गटात वर्षाला पन्नास पुस्तकांचा संकल्प चालला होता, त्यातून नाव काढून घ्या असं मात्र मी स्पष्ट सांगितलं. आणि बाकावर कादंबरी जमत नसेल तर कथासंग्रह न्या. अर्ध्या तासात एक कथा होते. लांबलचक काही वाचायचं असेल ते शनिवारच्या गाडीसाठी ठेवा.

त्यांनी नाव काढलं, थोडं वाईट वाटलं म्हणाल्या. त्यानंतरच्या भेटीत वाचनाचा विषय निघालाच नाही. मुलीला बारावीनंतर पुण्याला पाठवायचं की नाही, यातच सगळा वेळ गेला.