टांझानियातल्या शिकारीनंतर हाती उरलेले सहा दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात टांझानियाच्या सेलूस भागात सासऱ्यांसोबत दहा दिवस जाताय. रानरेड्याची शिकार ते करणार, तुम्ही सोबतीला. सासरे ६७ वर्षांचे, अमेरिकेहून स्वतःची रायफल घेऊन येणार, तुम्ही पुण्याहून. शिकार संपल्यावर सहा दिवस आहेत, त्यात सेरेंगेटी, मसाई मारा, किलिमांजारो, गोरिला आणि झांझिबार यांतलं काय काय बसेल?

मी ११ वर्षं दारेसलाममध्ये (पुढे नुसतं ‘दार’ लिहितो) नोकरीला आहे. आमच्या मालकांच्या परदेशी पाहुण्यांबरोबर तीनदा शिकारीच्या तळावर राहिलोय आणि तीनही वेळा पुढच्या फिरण्याची आखणी माझ्याकडेच होती. मी स्वतः बंदूक उचलली नाही, उचलावीशी वाटलीही नाही. पण तिथले दिवस जवळून पाहिलेत, म्हणून लिहितो.

यादीतली तीन नावं आधी खोडा. किलिमांजारो ५,८९५ मीटर आहे, चढून उतरायला निदान पाच-सहा दिवस लागतात, आणि दहा दिवस झाडोऱ्यात पायपीट करून आलेल्या ६७ वर्षांच्या माणसाला तिथे नेऊ नये. दारहून उत्तरेतल्या अरुशा शहराला उडताना आभाळ मोकळं असेल तर ढगांच्या वर शिखर दिसतं, तेवढ्यावर समाधान माना. गोरिला टांझानियात नाहीतच. ते युगांडा, रवांडा आणि काँगोच्या डोंगरांत. मसाई मारा अभयारण्य केनियात. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी चिकटलेले दिसतात, पण पर्यटकांना तिथून गाडीने सीमा ओलांडता येत नाही, लांबचा वळसा पडतो. शिवाय ‘पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा’ या नावाने जो मिळतो तो केनिया, युगांडा आणि रवांडा या तिघांचा. टांझानिया त्यात नाही. नाव वाचून भलेभले फसतात.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या सहा दिवसांचा रस्ता सासऱ्यांची रायफल ठरवणार आहे. ती तात्पुरत्या परवान्यावर देशात येते आणि त्याच कागदांवर बाहेर जायला हवी. राष्ट्रीय उद्यानात ती नेता येत नाही. झांझिबारला न्यायचा तर विचारही नको. म्हणजे ती दारमध्ये शिकार कंपनीच्या ताब्यात ठेवावी लागणार आणि परत निघताना दारलाच यावं लागणार. कुठे ठेवणार, कोणाच्या सहीने, कोणत्या पावतीवर, हे निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. त्याहून सोपं म्हणजे सासऱ्यांना तळावरची रायफल भाड्याने घ्यायला पटवा. बहुतेक तळांवर ती मिळते. स्वतःच्या बंदुकीशी माणसाचं नातं असतं हे मला समजतं, पण ती घरी राहिली तर झांझिबारहून थेट परतीचं विमान धरता येतं आणि तुमचा जवळजवळ एक दिवस वाचतो.

काडतुसांचंही सांगतो. दुसऱ्या खेपेला आमच्या पाहुण्यांनी सगळं मोजून, कुलूप लावून जमा केलं होतं. देशांतर्गत विमानतळावर त्यांचं जाकीट यंत्रातून गेलं आणि पट्टा थांबला. आतल्या खिशात, चुरगळलेल्या रुमालाखाली एकच काडतूस राहिलं होतं. पितळी, अंगठ्याएवढं. त्यांचा हेतू स्वच्छ होता, कागद सगळे बरोबर होते, तरी जबाब, फोन, सह्या यांत दुपार गेली आणि विमानही गेलं. तळ सोडायच्या आदल्या रात्री प्रत्येक खिसा, प्रत्येक बॅगेचा प्रत्येक कप्पा तुम्ही स्वतः उलटा करा. सासऱ्यांना राग आला तरी चालेल. तेव्हाच टोपीत खोचलेलं साळिंदराचं पीस, सापडलेला दात, हाडाचा तुकडा, जे असेल ते काढून ठेवा. वन्यप्राण्याचा कुठलाही भाग परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. शिकारीची शिंगं-कातडी कंपनीमार्फत रीतसर, काही महिन्यांनी जातात. तुमच्या बॅगेत त्यातलं काहीही नको.

पहिला दिवस दारमध्ये मोकळा ठेवा, काही ठरवू नका. तळावरून येणारं छोटं विमान मातीच्या पट्टीवरून उडतं, त्याला उशीर झाला तर पुढचं सगळं कोसळतं. शिवाय रायफलीचे कागद, कपडे धुणं आणि झोप. किसुटू भागात साधं शाकाहारी जेवण मिळेल, दहा दिवस तळावरचं मांस खाल्ल्यावर वरण-भाताची किंमत कळते. छोट्या विमानांत सामान बऱ्याचदा १५ किलोपर्यंतच आणि मऊ पिशवीतच चालतं, तेव्हा जड बॅग दारलाच ठेवा. लष्करी छापाचे कपडे असतील तर तेही तिथेच राहू द्या, टांझानियात नागरिकांनी ते घालायचे नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने अरुशा, तिथून गाडीने साधारण दोन तासांवर तारांगिरे राष्ट्रीय उद्यान. हे मी आग्रहाने सांगतो, कारण सप्टेंबर कोरडा असतो आणि आसपासचे हत्ती नदीकाठी गोळा होतात. आमच्या पहिल्या पाहुण्यांबरोबरची एक सकाळ मला लख्ख आठवते. ते सत्तरीचे. दहा दिवस त्यांची नजर प्राण्याचा खांदा शोधत होती, वाऱ्याची दिशा बघत होती. तारांगिरेच्या कोरड्या पात्रात एक हत्तीण पुढच्या पायाने वाळू उकरत होती. खड्डा सोंडभर खोल झाला, ती थांबली, सोंड आत घालून नुसती उभी राहिली. खाली पाणी झिरपायला वेळ लागतो. मग तिने पहिली सोंड गढूळ पाणी बाहेर फेकलं, दुसरीही फेकली, आणि तिसरी प्यायली. पिल्लू मध्ये मध्ये डोकं घालत होतं, तिने त्याला मागच्या पायाने हलकेच सरकवलं. पाहुण्यांनी दुर्बीण खाली ठेवली. दोन तास गाडी हलली नाही, आमच्यापैकी कोणी बोललंही नाही. शिकारीत प्राणी तुमच्या वासाने पळतो, इथे तो तुम्हाला विसरून त्याचं काम करतो. शिकारीनंतरचे दिवस हवेत ते यासाठी, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं.

संध्याकाळी कराटूला पोचा आणि तिथे तीन रात्री एकाच खोलीत राहा. रोज बॅग भरायची नाही, हे या वयात फार मोठं सुख. गाव उंचावर आहे, हवा गार, आजूबाजूला कॉफीचे मळे. मधला एक दिवस आराम करा, मळ्यातून फेरी मारा. दुसरा दिवस न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराचा. कडा समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर आहे, पहाटे दाट धुकं आणि कडाक्याची थंडी, तेव्हा सासऱ्यांना स्वेटर घालायला लावा. विवराचा तळ तिथून सहाएकशे मीटर खाली, सुमारे २६० चौरस किलोमीटरचा. काळा गेंडा दिसण्याची आशा इथे धरता येते. जिराफ मात्र विवरात नसतात, कडे फार उभे आहेत. जेवणाच्या जागी डबा गाडीतच बसून खा. वरून घार झडप घालते आणि हातातला घास नेते, बोटं ओरबाडली जातात.

सेरेंगेटीचं काय? कराटूहून गाडीने गेलात तर जाता-येता न्गोरोंगोरो क्षेत्राचंही शुल्क भरावं लागतं, आणि दिवसाचा मोठा भाग धक्के खाण्यात जातो. सप्टेंबरात विल्डबीस्टचे (हरणाच्या कुळातला मोठा प्राणी) कळप बहुधा उत्तरेला, मारा नदीच्या बाजूला असतात. ते नदी ओलांडताना पाहणं हे सासऱ्यांचं आयुष्यभराचं स्वप्न असेल तर वरचं सगळं रद्द करा, विमानाने थेट त्या भागातल्या कोगातेंदेच्या धावपट्टीवर उतरा आणि तीन-चार रात्री तिथेच काढा. काठावर तासन्‌तास बसायची तयारी ठेवा. पण ‘आलोच आहोत तर सेरेंगेटीही’ म्हणून एका रात्रीसाठी जाऊ नका.

आणि सासरे खरोखरच दमले असतील तर उत्तरेकडे जाऊच नका. सेलूसचा मोठा भाग २०१९ मध्ये न्येरेरे राष्ट्रीय उद्यान झाला, तिथे शिकार चालत नाही. रुफिजी नदीत होडीतून पाणघोडे आणि मगरी बघत दोन दिवस काढा, मग झांझिबार.

शेवटच्या दोन रात्री झांझिबार बेटावर, स्टोन टाऊन या जुन्या शहरात काढा. किनारे सुंदर आहेत, पण शहर जास्त मोलाचं आहे. १८७३ मध्ये बंद झालेल्या गुलामांच्या बाजाराच्या जागी आज चर्च उभं आहे. तिथे घाई करू नका. संध्याकाळी फोरोधानी बागेत उरोजो प्या, कैरी-लिंबाचं आंबट पिवळं सार आणि त्यात भजी, मराठी जिभेला लगेच ओळखीचं वाटतं. ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जन्म याच बेटावर १९४६ मध्ये झाला आणि शाळा आपल्या पाचगणीत, हे सासऱ्यांना सांगा, अमेरिकेत राहिलेल्या माणसाला आवडेल. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. बेटावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना ऑक्टोबर २०२४ पासून तिथला सरकारी विमा सक्तीचा आहे, माणशी ४४ डॉलर, आधीच ऑनलाइन काढा. स्वाहिलीत त्याला ‘बीमा’च म्हणतात, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’.

येताना-जाताना नैरोबी किंवा अदिस अबाबावरून विमान असेल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर मुंबईत उतरल्यावर अडवून ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या मोजताना शिकारीचे दहा दिवस धरून थांबू नका. हे सहा दिवस आणि परतल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले दिवसही त्यात धरा. आमच्या तिसऱ्या पाहुण्यांच्या गोळ्या कराटूतच संपल्या होत्या. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्यांवर तुटून पडतात, तारांगिरेतही.

आणि सासऱ्यांना एक शब्द शिकवून ठेवा. तिथला तरुण चालक किंवा तंबूतला मुलगा त्यांना बघून किंचित वाकून ‘शिकामो’ म्हणेल. वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार आहे तो. त्यावर त्यांनी ‘मराहाबा’ म्हणायचं. उत्तर आलं की त्या पोराचा चेहरा कसा खुलतो ते तुम्ही बघालच.