आजीचा लळा

प्रश्न : माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. मी नोकरीवर गेल्यावर ती सासूबाईंजवळ असते. हल्ली मी परतले तरी ती त्यांचाच पदर धरून बसते. दूध तर मी पाजते; मग असे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दुधामुळे लळा लागतो, ही समजूत जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या प्रयोगांत माकडांची पिल्ले दूध देणाऱ्या तारेच्या ‘आई’कडे भुकेपुरती जात आणि उरलेला बराचसा वेळ मऊ कापडाच्या ‘आई’ला बिलगून काढत. असहाय जन्मलेल्या जिवाने कुणाच्या तरी निकट राहणे ही तगून राहण्याची निसर्गदत्त तजवीज आहे, असे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडले; आणि जो माणूस रडण्याला वेळेवर, प्रेमाने ओ देतो, त्याच्याशी बाळ बांधले जाते. असे माणूस एकच असावे लागत नाही, त्यामुळे सासूबाईंचा वाटा तुमच्या वाट्यातून वजा होत नाही. (खरे तर हे तुमचे भाग्यच.)

संध्याकाळी तिला ओढून घेऊ नका. कूलरपुढे सतरंजीवर त्यांच्या शेजारी बसा. तिने वाटी आपटली की तुम्हीही आपटा. सकाळी मात्र नजर चुकवून निघू नका. ती रडली तरी सांगून जा.